खुर्चीला 3,240, विद्यार्थ्याला 3,000 : सोलापूरच्या विमानाचा हिशेब



सोलापूरला विमान आलं. 9 जून 2025 ला गोव्याचं आणि 15 ऑक्टोबर 2025 ला मुंबईचं. तेव्हापासून शहरात एकच आकडा सगळ्यांच्या तोंडी आहे : एक तास. गोवा एक तास, मुंबई एक तास. चहाच्या गाड्यावर तेच, व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर तेच, नेत्यांच्या फलकांवर तेच. आमच्या वस्तीतल्या समाजमंदिरातसुद्धा एका संध्याकाळी हाच विषय निघाला. कुणीतरी म्हणालं, "आता सोलापूर मागास राहिलं नाही." यावर कोपऱ्यात बसलेली एक पोरगी म्हणाली, "दादा, मला कॉलेजला यायला दोन तास लागतात."

सगळे हसले. आम्हीही हसलो. पण घरी आल्यावर ते वाक्य डोक्यातून जाईना. म्हणून हा लेख.

सुरुवातीलाच स्पष्ट करतो, आम्ही विमानाच्या विरोधात नाही. यंत्राच्या, वेगाच्या, आधुनिकतेच्या विरोधात आंबेडकरी माणूस असूच शकत नाही. बैलगाडीच्या काळात परत चला असं सांगणारे वेगळे आहेत, आणि त्या काळात आमची जागा कुठे होती हे आम्हाला चांगलं ठाऊक आहे. आमचा प्रश्न वेगळा आहे. अंतर कमी करायला सरकार पैसे खर्च करतं तेव्हा ते कुणाचं अंतर कमी करतं? कुणाच्या तासाला किंमत आहे आणि कुणाचा तास फुकट आहे?

आधी अंतर नीट मोजू

नकाशावर सोलापूर ते मुंबई हवेतून सरळ रेषेत साधारण 360 किलोमीटर भरतं. रस्त्याने 400 च्या आसपास, रेल्वेने 455. सोलापूर ते गोव्याचा मोपा विमानतळ सरळ रेषेत साधारण 300 किलोमीटर. गोव्याला जाणारं विमान एटीआर जातीचं, पंख्याचं. मुंबईला जाणारं 76 खुर्च्यांचं छोटं जेट. दोन्ही ठिकाणी हवेतला वेळ तासाभराचा. इथपर्यंत फलकावरचा आकडा खरा आहे.

पण माणूस विमानतळावर राहत नाही. होटगी रोडला पोहोचायचं, तासभर आधी हजर व्हायचं, तपासणी, बसणं, उडणं, उतरणं, सामान घेणं आणि मग मुंबईच्या गर्दीतून मंत्रालय किंवा ऑफिस गाठणं. दारापासून दारापर्यंत चार तास धरा. वंदे भारत रेल्वे, जी 10 फेब्रुवारी 2023 ला सुरू झाली, तिला साडेसहा तास लागतात. सिद्धेश्वर एक्स्प्रेसमध्ये रात्री झोपलं की सकाळी मुंबई. म्हणजे विमानाने वंदे भारतपेक्षा खरे वाचतात ते अडीच तास.

अडीच तास वाचणं ही वाईट गोष्ट नाही. कुणाची आई मुंबईच्या दवाखान्यात असेल, कुणाची मुलाखत असेल, तर अडीच तास मोलाचे आहेत. आमचा सवाल एवढाच आहे की, या अडीच तासांचं बिल कोण भरतं?

तफावत निधी म्हणजे काय?

2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सोलापूर-पुणे-मुंबई हवाई मार्गासाठी शंभर टक्के 'व्यवहार्यता तफावत निधी' मंजूर केला. शब्द अवघड आहे, अर्थ सोपा आहे. विमान चालवायला जो खर्च येतो आणि तिकिटातून जे पैसे मिळतात त्यांच्यात फरक पडतो. तो फरक कंपनीने सोसायचा नाही, प्रवाशानेही भरायचा नाही. तो सरकारने भरायचा. किती? प्रति आसन 3,240 रुपये. वर्षाची एकूण तरतूद 17 कोटी 97 लाख 55 हजार 200 रुपये.

हा आकडा कुठून आला ते आम्ही कागदावर मांडून पाहिलं. 76 खुर्च्या, रोज एक जाणं आणि एक येणं, 365 दिवस. 55,480 खुर्च्या. त्याला 3,240 ने गुणा. बरोबर 17,97,55,200. म्हणजे तरतूद करतानाच विमानातली प्रत्येक खुर्ची आणि वर्षाचा प्रत्येक दिवस धरलेला आहे. खुर्चीवर कोण बसणार, त्याचं उत्पन्न किती, त्याला या मदतीची गरज आहे का, याची कुठेही अट नाही. उत्पन्नाचा दाखला नाही, जातीचा दाखला नाही, नॉन-क्रिमिलेअर नाही, बोनाफाईड नाही, आधार जोडणी नाही. खुर्ची आहे ना? मग पैसे मंजूर.

आता दुसरा कागद बघू. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, म्हणजे आपण ज्याला भारत सरकार शिष्यवृत्ती म्हणतो ती. पालकांचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं. 2021 च्या सुधारित नियमांनुसार बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. असं साधं पदवीचं शिक्षण घरून येऊन-जाऊन घेणाऱ्या विद्यार्थ्याला वर्षाचा शैक्षणिक भत्ता 3,000 रुपये. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्याला 2,500 रुपये. वर्षाचा, महिन्याचा नाही.

एका बाजूला एका खुर्चीला एका उड्डाणाचे 3,240. दुसऱ्या बाजूला एका विद्यार्थ्याला अख्ख्या वर्षाचे 3,000. साहेब सकाळी गेले आणि संध्याकाळी परत आले, तर सरकारच्या हिशेबात 6,480 रुपये लागले. एवढ्यात आमच्या दोन पोरांचं वर्ष निघतं आणि वर 480 उरतात.

कुणी म्हणेल, शिष्यवृत्तीत कॉलेजची फी वेगळी मिळते, ती का धरत नाही? रास्त प्रश्न आहे. फी मिळते, पण ती शेवटी संस्थेकडे जाते. विद्यार्थ्याच्या हातात वही-पुस्तक, प्रवास, झेरॉक्स, परीक्षेचा डबा यासाठी जे उरतं ते हेच तीन हजार. आणि आम्ही फीची तुलना करतच नाही. विमानतळ बांधायचा, धावपट्टी दुरुस्त करायची, सुरक्षा ठेवायची हा खर्चही आम्ही खुर्चीच्या हिशेबात धरलेला नाही. दोन्हीकडे फक्त माणसापर्यंत पोहोचणारी मदत धरली आहे.

आणखी एक माप घ्या. रोजगार हमीचा महाराष्ट्रातला 2025-26 चा दर दिवसाला 312 रुपये आहे. एका खुर्चीचं अनुदान म्हणजे उन्हात दहा दिवस माती उपसणाऱ्या बाईची मजुरी. तिच्या दहा दिवसांची किंमत आणि प्रवाशाच्या वाचलेल्या अडीच तासांची किंमत सरकारने एकाच तराजूत टाकली, आणि तराजू कुठे झुकला ते आपण पाहतो आहोत.

तीस किलोमीटर, दोन तास

आता त्या कोपऱ्यातल्या पोरीकडे येऊ. ती आमच्या अभ्यासिकेत येते. दक्षिण सोलापूर तालुक्यात मंद्रूपच्या पुढे आडबाजूला तिचं गाव. बी.ए. पहिल्या वर्षाला आहे. घर ते कॉलेज साधारण तीस किलोमीटर. त्यातले तीन किलोमीटर फाट्यापर्यंत चालत. फाट्यावर बसची वाट. बस भरलेली असली की थांबत नाही, मग पुढची. शहरात उतरल्यावर पुन्हा रिक्षा किंवा पायपीट. जायला दोन तास, यायला दोन तास. पास सवलतीत मिळतो, ते कबूल केलं पाहिजे. पण सवलतीचा पास घेऊन बस लवकर येत नाही.

आम्ही तिच्याबरोबर बसून हिशेब केला. रोजचे चार तास. वर्षाला कॉलेजचे दोनशे दिवस धरले तरी आठशे तास. म्हणजे तेहतीस दिवस आणि तेहतीस रात्री ती फक्त रस्त्यावर असते. तिचा वेग तासाला पंधरा किलोमीटर. विमानाने जाणाऱ्याचा वेग, विमानतळावर थांबण्याचा वेळ आणि मुंबईची गर्दी धरूनसुद्धा, तासाला शंभर किलोमीटर.

सरकार विमान प्रवाशाच्या अडीच तासांसाठी 3,240 मोजतं. तासाला साधारण तेराशे रुपये. या पोरीचे आठशे तास जातात आणि तिच्या खात्यावर वर्षाला तीन हजार येतात. तासाला पावणेचार रुपये. तेसुद्धा वेळेवर येतील याची खात्री नाही. अनेकदा वर्ष संपत आलं तरी खातं रिकामंच असतं.

ही पोरगी एकटी नाही. अक्कलकोट, मंगळवेढा, मोहोळ, बार्शी, प्रत्येक तालुक्यात अशी पोरं-पोरी आहेत. पोरगी असली की आणखी एक हिशेब लागतो. शेवटची बस चुकली तर अंधारात तीन किलोमीटर कोण चालणार? मग घरचे म्हणतात, "राहू दे कॉलेज." आमच्या कितीतरी बहिणींचं शिक्षण गुणांमुळे थांबलेलं नाही. ते फाट्यापासून घरापर्यंतच्या त्या तीन किलोमीटरमुळे थांबलं आहे.

अंतराला जात असते

समाजशास्त्र शिकताना आम्हाला एक गोष्ट वर्गात कुणी शिकवली नाही. ती बाबासाहेबांनी शिकवली. अंतर किलोमीटरमध्ये मोजलं जातं हे अर्धसत्य आहे.

'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींमध्ये बाबासाहेबांनी 1901 चा प्रसंग लिहिला आहे. सातारहून भावंडं रेल्वेने निघाली, वडिलांना भेटायला गोरेगावला. अंगावर नवे कपडे, खिशात पैसे, हातात तिकीट. मसूर स्टेशनपर्यंत सगळं सुरळीत. स्टेशनमास्तरला जात कळली आणि तो मागे सरकला. बैलगाडीवाले न्यायला तयार होईनात. शेवटी दुप्पट भाडं दिलं आणि गाडी मुलांनीच हाकायची, गाडीवान बाजूने चालणार, असा सौदा ठरला. डबा होता, पण पाणी नव्हतं. कारण पाणी कोणी देणार नव्हतं. पोरं रात्रभर उपाशी राहिली.

या प्रसंगाकडे आपण अस्पृश्यतेची कहाणी म्हणून पाहतो, ते बरोबरच आहे. पण आणखी एक गोष्ट त्यात आहे. रेल्वेने जात विचारली नाही. स्टेशनपासून गावापर्यंतच्या शेवटच्या टप्प्याने विचारली. मोठा, वेगवान, सरकारने पैसा ओतलेला टप्पा सुटसुटीत होता. नऊ-दहा वर्षांच्या पोराला छळलं ते शेवटच्या काही मैलांनी.

आज गाडीवान नाही, त्याच्या जागी फाटा आहे. आज कुणी दुप्पट भाडं मागून गाडी हाकायला लावत नाही, पण आमची वस्ती गावाच्या टोकाला आहे, रस्ता वस्तीच्या आधी संपतो आणि बस रस्त्याच्या आधी थांबते. वस्ती टोकाला का आहे, हे सांगायला समाजशास्त्राची पदवी लागत नाही. गावकुसाबाहेर कुणी स्वतःहून घर बांधलेलं नव्हतं. म्हणून आम्ही म्हणतो, जिथे सरकार मोठ्या टप्प्यावर पैसा ओततं आणि शेवटचा टप्पा तसाच सोडतं, तिथे ते न बोलता जातीचं अंतर जपतं. त्यात कुणाचा वाईट हेतू असेलच असं नाही. हेतू नसतानाही अन्याय होतो, यालाच व्यवस्था म्हणतात.

शंभर वर्षांपूर्वी सोलापुरात काय सुरू झालं होतं?

एक तारीख आपल्या तरुणांनी पाठ करावी : 4 जानेवारी 1925. बहिष्कृत हितकारिणी सभेची स्थापना होऊन सहा महिनेही झाले नव्हते, आणि सभेने हायस्कूलमध्ये शिकणाऱ्या आपल्या मुलांसाठी वसतिगृह काढलं. कुठे? आपल्या सोलापुरात. मुलांच्या जेवणाचा, कपड्यांचा, वह्या-पुस्तकांचा खर्च सभेने उचलला. सोलापूर नगरपालिकेने महिन्याला 40 रुपयांचं अनुदान दिलं.

बाबासाहेबांनी अंतराचा प्रश्न कसा सोडवला, ते इथे दिसतं. खेड्यातल्या पोराला रोज शहरात येणं जमत नाही, तर त्याच्या राहण्याची सोय शहरातच करा. अंतरच संपवा. वसतिगृह म्हणजे केवळ निवारा नव्हता, तो आमच्या समाजाचा पहिला तफावत निधी होता. गरीब पोराची कुवत आणि शिक्षणाचा खर्च यातला फरक समाजाने भरायचा, आणि सार्वजनिक संस्थेने त्याला हातभार लावायचा. नफा होतो का, असा सवाल कुणी केला नाही.

2025 मध्ये या वसतिगृहाला शंभर वर्षं पूर्ण झाली. त्याच वर्षी सोलापुरातून विमान उडालं. विमानाचा सोहळा झाला. वसतिगृहाच्या शताब्दीची आठवण किती जणांना झाली? सरकारला नाही झाली हे आम्ही समजू शकतो. आपल्याला तरी झाली का? हा प्रश्न आम्ही स्वतःलाही विचारतो, कारण आम्हालाही जानेवारी उलटून गेल्यावरच आठवलं.

आज शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. मुंबई, पुणे, नागपूर अशा मोठ्या शहरांसाठी तिचा सर्वात वरचा दर वर्षाला 60 हजार रुपये. लहान ठिकाणी त्याहून कमी. विमानाच्या एका मार्गाच्या एका वर्षाच्या तरतुदीला या सर्वात वरच्या दराने भागलं तरी जवळपास तीन हजार विद्यार्थ्यांची वर्षभराची राहण्या-जेवण्याची सोय होते. तीन हजार. त्यातले किती जण कलेक्टर होतील, किती प्राध्यापक, किती जण साधी नोकरी करून घर सावरतील, हे आम्ही सांगू शकत नाही. पण ती पोरं फाट्यावर उभी राहणार नाहीत, एवढं नक्की.

'मग विकास नको का?'

हा प्रश्न येणारच. विमानतळ झाला की उद्योग येतील, आयटी येईल, पोरांना पुण्याला जावं लागणार नाही, असं सांगितलं जातं. याच विकासासाठी 15 जून 2023 ला सिद्धेश्वर साखर कारखान्याच्या सहवीज प्रकल्पाची चिमणी पाडली गेली. शेतकरी आणि कामगारांचा विरोध होता. चिमणी पाडल्यापासून पहिलं विमान उडेपर्यंत जवळपास दोन वर्षं गेली. 29 सप्टेंबर 2024 ला पंतप्रधानांनी विमानतळाचं उद्घाटन केलं, त्यानंतरही आठ महिने धावपट्टी वाट पाहत होती.

विमान आलं, आता ते टिकेल का? देशाचा अनुभव फार आश्वासक नाही. 2016 मध्ये 'उडान' योजना आली. हवाई चप्पल घालणाराही विमानात बसेल, असं स्वप्न दाखवलं गेलं. निम्म्या खुर्च्यांना तासाभराच्या प्रवासासाठी अडीच हजारांच्या आसपास भाड्याची मर्यादा ठरली. 2023 मध्ये कॅगने या योजनेचा अहवाल दिला. तिसऱ्या टप्प्यापर्यंत दिलेल्या 774 मार्गांपैकी 403 सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या 371 पैकी 112 मार्गांनीच तीन वर्षांची सवलतीची मुदत पूर्ण केली. आणि मुदत संपल्यावर, मार्च 2023 पर्यंत, टिकले फक्त 54. म्हणजे अनुदान आहे तोवर विमान आहे. अनुदान संपलं की विमान दुसऱ्या शहरात, आणि आपल्याकडे उरते धावपट्टी.

वसतिगृहावर खर्च केलेला पैसा असा उडून जात नाही. शिकलेला पोरगा अनुदान संपल्यावर अशिक्षित होत नाही.

कुणी असंही म्हणेल की कर विमानाने जाणारेच भरतात. हेही खोटं आहे. साबण, बिस्कीट, मोबाईलचं रिचार्ज, चपला यांवर आमची आई जीएसटी भरतेच. सोलापुरात विडी वळणाऱ्या बायका, यंत्रमागावर चादर-टॉवेल विणणारे कामगार, सफाई कामगार, सगळे भरतात. राज्याच्या तिजोरीत त्यांचाही पैसा आहे. त्या विमानाच्या प्रत्येक खुर्चीत त्यांची भर आहे. फक्त ते बसलेले नाहीत.

आणि आणखी एक गोष्ट. बाबासाहेबांनी 1947 मध्ये 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये महत्त्वाचे उद्योग सरकारच्या मालकीचे असावेत अशी मांडणी केली. आज उलटं झालं आहे. तोटा सरकारचा, मालकी खासगी. खासगी विमान कंपनीला नोकरीत आरक्षण लागू नाही. पैसा सार्वजनिक, पण नोकरीत आमच्या मुलांना वाटा नाही. मग ज्या कंपनीची प्रत्येक खुर्ची सरकारच्या पैशावर उभी आहे, तिच्या नोकरभरतीत सामाजिक न्यायाची अट का असू नये?

आपल्याच माणसांसाठी दोन शब्द

हे लिहिताना आम्हाला आपल्यातले काही भाऊ-बहीणही आठवतात. पहिल्या विमानातला सेल्फी, खाली 'जय भीम', वर निळं हृदय. आम्हाला त्याचा राग नाही. ज्यांच्या आजोबांना बैलगाडीत बसू दिलं नाही, त्यांच्या नातवाने विमानात बसावं, ही अभिमानाचीच गोष्ट आहे. ती बाबासाहेबांमुळे शक्य झाली.

पण 18 मार्च 1956 च्या आग्र्याच्या भाषणात बाबासाहेबांनी शिकलेल्या वर्गाबद्दल जी खंत व्यक्त केली, ती आठवा. खिडकीजवळची जागा मिळाली तर खालीही पाहा. खाली फाटा दिसतो. त्या फाट्यावर कोण उभं आहे ते ओळखा. दरवर्षी 6 डिसेंबरला सोलापूर-कलबुर्गी पट्ट्यातून लाखो पावलं चैत्यभूमीकडे निघतात. ती जनरल डब्यात, दाराशी, संडासाजवळ बसून जातात. त्यांच्यासाठी कुणी प्रति आसन काही मंजूर करत नाही. तरी ती जातात. आपली चळवळ त्यांच्या पायांवर उभी आहे.

मग करायचं काय?

संताप व्यक्त करून लेख संपवणं सोपं आहे. आम्ही चार कामं सुचवतो.

पहिलं, माहिती अधिकार. दहा रुपयांचा अर्ज. राज्याच्या विमानचालन खात्याकडे विचारा की सोलापूरच्या मार्गावर आजपर्यंत तफावत निधीचे प्रत्यक्ष किती रुपये दिले, किती फेऱ्या झाल्या, किती प्रवासी बसले आणि किती खुर्च्या रिकाम्या गेल्या. त्याच दिवशी दुसरा अर्ज समाजकल्याण कार्यालयाकडे. जिल्ह्यात स्वाधार आणि शिष्यवृत्तीचे किती अर्ज आले, किती मंजूर झाले, पैसे किती दिवसांनी जमा झाले. दोन्ही उत्तरं शेजारी ठेवून छापू. भाषणापेक्षा ती जास्त बोलतील.

दुसरं, अंतराची नोंदवही. प्रत्येक अभ्यासिकेने, प्रत्येक विहाराने आपल्या वस्तीतल्या शिकणाऱ्या मुलामुलींची यादी करावी. घर ते शाळा-कॉलेज किती किलोमीटर, किती पायी, बसला किती थांबावं लागतं, शेवटची बस किती वाजता. एक वही, एक पेन, आठ दिवसांचं काम. आकडे हातात असले की अधिकाऱ्याला 'बघतो' म्हणता येत नाही.

तिसरं, मागणी. सरकारचाच शब्द वापरू. विमानाला व्यवहार्यता तफावत निधी मिळतो, मग वस्ती ते कॉलेज या मार्गालाही मिळाला पाहिजे. तोट्यात चालते म्हणून खेड्याची बस बंद होणार असेल, तर विमानही तोट्यातच चालतं, हे ठणकावून सांगा. शिष्यवृत्तीचा भत्ता महागाईशी जोडा. मुलींच्या शेवटच्या बसची हमी द्या.

चौथं, अनुसूचित जाती उपयोजनेचा कायदा. मे 2025 मध्ये सामाजिक न्याय विभागाचे 410 कोटी 30 लाख रुपये दुसऱ्या योजनेकडे वळवले गेले तेव्हा खुद्द त्या खात्याच्या मंत्र्यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. मंत्रीच हतबल असेल तर कार्यकर्त्याने कुणाकडे जायचं? कर्नाटकात या निधीसाठी कायदा आहे, तेलंगणातही आहे. सोलापूरची हद्द ओलांडली की विजापूरला कायदा लागू होतो आणि अलीकडे नाही. हा निधी वळवता येणार नाही, असा कायदा महाराष्ट्रात झालाच पाहिजे.

मित्रहो, संविधान सभेच्या शेवटच्या टप्प्यात, 25 नोव्हेंबर 1949 ला बाबासाहेबांनी इशारा दिला होता की राजकारणात आपण प्रत्येक माणसाचं मूल्य समान मानणार आहोत, पण सामाजिक आणि आर्थिक जीवनात ते नाकारत राहणार आहोत. हा विरोध किती दिवस चालवणार? आम्ही त्यात आजच्या सोलापूरची एक ओळ जोडतो. मत एक, त्याचं मूल्य एक. मग तास एक, त्याचं मूल्य एक का नाही?

विमान उडू दे. रोज उडू दे. पण ज्या दिवशी मंद्रूपच्या पुढची ती पोरगी अर्ध्या तासात कॉलेजला पोहोचेल, किंवा कॉलेजच्या शेजारी वसतिगृहात राहून शिकेल, त्या दिवशी आम्ही म्हणू की सोलापूरचं अंतर कमी झालं. तोवर फक्त काही माणसांचं कमी झालं आहे.

परवा तिला आम्ही हा हिशेब वाचून दाखवला. ती म्हणाली, "दादा, माहिती अधिकाराचा अर्ज मी लिहिते. अक्षर चांगलं आहे माझं." पहिला अर्ज तिच्या अक्षरात जाईल. दुसरा तुमच्या तालुक्यातून यायला हवा.

जय भीम! जय संविधान!